काचेचा धागा आणि प्रकाशाचा क्षण

'पापणी लवते न लवते तोच' असे आपण बोलताना सहज म्हणून जातो. आपल्या जुन्या लोकांनी तर या पापणी लवण्यालाच काळाचे एक माप मानले आणि त्याला निमिष असे नाव दिले. तुमच्या आमच्या दृष्टीने निमिष म्हणजे अगदीच थोडा वेळ. पण तेवढ्यात प्रकाश कुठल्या कुठे जातो, याचा कधी विचार केला आहे का? प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. पापणी लवायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरले, तरी तेवढ्या अवधीत तो तीस हजार किलोमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पृथ्वीला पाऊण फेरी घालून झाली!

आज ज्या वेळाविषयी मला सांगावयाचे आहे, तो वेळ इतका लहान आहे की, त्यात हा चपळ प्रकाशसुद्धा डोक्यावरच्या केसाची जाडी ओलांडू शकत नाही. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातला एक भाग उचला आणि त्याचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाला शास्त्रज्ञ फेम्टोसेकंद म्हणतात. आकडे ऐकून डोके गरगरले ना? मग असे समजा. एका सेकंदापुढे फेम्टोसेकंद जेवढा लहान, तेवढाच सुमारे तीन कोटी सतरा लाख वर्षांपुढे एक सेकंद लहान. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाश एका मिलिमीटरचा अवघा शंभरातला तिसरा भाग चालून जातो.

कोणी विचारील, इतक्या लहान वेळाशी आपल्याला काय कर्तव्य? कर्तव्य आहे, आणि ते समजण्यासाठी सुताराकडे पाहिले म्हणजे पुरे. हातोडा खिळ्यावर नुसता टेकवून ठेवा. खिळा जागचा हलत नाही. तोच हातोडा उचलून ठोका द्या, की खिळा लाकडात शिरतो. ठोक्याचे सारे बळ क्षणात एकवटते, म्हणून हे घडते. ऊर्जा किती दिली याला महत्त्व आहेच. पण ती किती थोड्या वेळात दिली, याला त्याहून अधिक महत्त्व आहे. प्रकाशाचेही असेच आहे. त्याचा ठोका जितका आखूड, तितका तो जोरकस. प्रकाशाच्या अशा आखूड ठोक्याला आपण स्पंद म्हणू.

हा ठोका आखूड करण्याची खटपट लेसरच्या जन्मापासूनच सुरू झाली. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे थिओडोर मेमन यांनी कृत्रिम माणकाच्या कांडीतून पहिला लेसर प्रकाश काढला. तो लखलखाट सेकंदाच्या सहस्रांशाच्या आसपास टिके. दोनच वर्षांत एक युक्ती निघाली. धरणाचे दरवाजे बंद ठेवून पाणी साठू द्यावे आणि मग एकदम उघडावे, तशी लेसरमधील ऊर्जा अडवून ती एकदम सोडावयाची. त्यामुळे स्पंद सेकंदाच्या काही कोट्यंशांवर आला. पुढे १९६४ साली बेल प्रयोगशाळेत आणखी एक पाऊल पडले. लेसरच्या पोटात एकाच वेळी अनेक लहरी नांदत असतात. भजनात वीस जण आपापल्या लयीत टाळ वाजवू लागले, तर नुसता गोंगाट होतो. सगळे एका लयीत आले, तर एकच ठसठशीत ठोका ऐकू येतो. लहरींना असे एका लयीत आणण्याचे तंत्र साधले. १९६६ च्या सुमारास स्पंद पिकोसेकंदांत मोजू लागले, म्हणजे हजार फेम्टोसेकंदांच्या मापात. १९८१ मध्ये त्याच बेल प्रयोगशाळेत रंगद्रव्याच्या लेसरमधून शंभर फेम्टोसेकंदांहूनही आखूड स्पंद मिळाला.

वीस वर्षांत एवढी मजल! पण गाडे एका ठिकाणी अडले होते.

हे आखूड स्पंद मुळात फार अशक्त असत. आकाशवाणीवरचा वक्ता बोलतो हळू आणि तुमच्या घरी आवाज येतो मोठा, तो मधल्या ध्वनिवर्धकांमुळे. तसाच प्रकाशवर्धकही असतो. निओडिमियम नावाचे द्रव्य मिसळलेली काच घ्यावयाची, दिव्यांच्या झगझगाटाने तिच्यात ऊर्जा भरून ठेवावयाची, आणि मग तिच्यातून अशक्त स्पंद पाठवावयाचा. जाता जाता तो ती ऊर्जा उचलतो आणि धष्टपुष्ट होऊन बाहेर पडतो. येथवर ठीक. पण स्पंद एका मर्यादेपलीकडे जोरकस झाला, की काचेचे वागणे बदलते. प्रखर प्रकाशात काच स्वतःच भिंगासारखी काम करू लागते. किरण आपल्याच जोराने आवळत आवळत एका बिंदूवर येतो, आणि काचेत जळाल्याची बारीक रेघ उमटते. ज्या काचेने बळ द्यावयाचे, तीच त्या बळाने फुटावयाची, असा हा पेच होता.

यावर एकच उपाय माहीत होता. किरण रुंद करावयाचा, म्हणजे त्याचा जोर जास्त जागेवर पसरतो. पण किरण रुंद केला की काच मोठी हवी, आरसे मोठे हवेत, आणि अखेरीस इमारतही मोठी हवी. अशी यंत्रे सरकारी खजिन्याचा आधार असलेल्या थोड्याच प्रयोगशाळांना परवडत. विद्यापीठातल्या साध्या खोलीत एखाद्या विद्यार्थ्याने प्रखर प्रकाशाचा प्रयोग करून पाहावा, ही गोष्ट दुरापास्त झाली.

या पेचातून सुटण्याची वाट लेसरवाल्यांच्या घरात नव्हती. ती शेजारच्या घरात, रडारवाल्यांकडे होती. रडारवाल्यांनाही हाच पेच पडला होता. दूरचे विमान दिसावे तर लहरींत भरपूर ऊर्जा हवी, आणि जवळजवळची दोन विमाने वेगळी ओळखावीत तर ठोका आखूड हवा. भरपूर ऊर्जा आखूड ठोक्यात कोंबू जावे, तर प्रक्षेपक यंत्र ते सोसत नसे. तेव्हा त्यांनी ठोका लांबविला. पण नुसता लांबविला नाही. त्याचा स्वर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा चढत किंवा उतरत ठेवला. पाखरू चिवचिवते तेव्हा स्वर असाच सरकतो, म्हणून इंग्रजीत त्याला 'चर्प' हे पाखराच्या चिवचिवीचेच नाव पडले. परत आलेल्या लांब चिवचिवीतले वेगवेगळे स्वर यंत्राने एकत्र गोळा केले, की पुन्हा आखूड ठोका मिळे. बेल प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १९६० साली या रडारचा सविस्तर विचार छापून प्रसिद्ध केला होता. म्हणजे ज्या वर्षी लेसर जन्मला, त्याच वर्षी त्याच्या पुढच्या आजारावरचे औषध छापून तयार होते! ते लेसरच्या ओठाला लागायला मात्र पंचवीस वर्षे गेली.

हे काम केले न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात दोघांनी. एक होते फ्रान्समधून आलेले प्राध्यापक जेरार मूरू. दुसऱ्या त्यांच्याकडे डॉक्टरेटसाठी काम करणाऱ्या डॉना स्ट्रिकलंड. या बाई कॅनडातल्या ग्वेल्फ गावच्या, जन्म १९५९ चा.

त्यांची कल्पना एका दृष्टांताने सांगतो. देवळाचा दरवाजा अरुंद आहे आणि हजार माणसे एकदम आत घुसू पाहत आहेत. काय होईल? चेंगराचेंगरी होईल, चौकट मोडेल. शहाणा पुजारी काय करतो? सगळ्यांना रांगेत उभे करतो. रांग लांबते, पण एकेक जण सुखाने आत येतो, प्रसाद घेतो आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडतो. मग सारे जण मंडपात पुन्हा एकत्र जमतात, प्रत्येकाच्या हातात प्रसाद असतो आणि देवळाला धक्काही लागलेला नसतो. मूरू आणि स्ट्रिकलंड यांनी प्रकाशाला नेमके हेच करावयास लावले. आधी स्पंद ताणून लांब करावयाचा, म्हणजे त्याचा जोर ओसरतो. मग वर्धकातून नेऊन त्याला बळ द्यावयाचे. आणि वर्धक मागे पडला, की त्याला पुन्हा आवळून आखूड करावयाचे.

पण प्रकाशाला रांगेत उभे करावयाचे कसे? येथे आपल्या गोष्टीत काचेचा धागा येतो. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाश दूरवर नेता येतो, हे तुम्ही जाणताच. या विद्येच्या पायाभरणीत पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांचा मोठा वाटा होता. लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी केलेले काम १९५४ साली प्रसिद्ध झाले. तंतूतून संदेश पाठविणाऱ्या अभियंत्यांची मात्र एक जुनी तक्रार होती. काचेत सगळे रंग एकाच वेगाने चालत नाहीत. कोणी पुढे जातो, कोणी मागे राहतो. त्यामुळे आखूड स्पंद दूर जाईपर्यंत पसरट होतो आणि शेजारच्या स्पंदात मिसळतो. संदेशवाल्यांनी हा काचेचा दोष मानला, आणि तो घालविण्यासाठी जिवाचे रान केले. रॉचेस्टरच्या प्रयोगात या दोषालाच कामाला लावले.

त्यांनी १.४ किलोमीटर लांबीचा काचतंतू घेतला आणि त्यात दीडशे पिकोसेकंदांचा अवरक्त स्पंद सोडला. तंतूने दोन कामे केली. एक तर त्या बारीक गाभ्यात स्पंदाच्या स्वतःच्या जोरामुळेच त्याच्यात आणखी काही रंगांची भर पडली, आणि जितके रंग अधिक तितका पुढे स्पंद अधिक आखूड करता येतो. दुसरे म्हणजे, ते सारे रंग क्रमाने मागेपुढे झाले. लांब लहरीचे पुढे, आखूड लहरीचे मागे. स्पंद दुप्पट लांब, तीनशे पिकोसेकंदांचा झाला. मग तो निओडिमियमच्या काचेतून फिरवून बलवान केला. शेवटी अतिशय बारीक रेघा कोरलेल्या दोन पट्ट्यांवरून त्याला नेले. या पट्ट्यांवर वेगवेगळे रंग वेगवेगळ्या दिशांना वळतात. पुढे पळणाऱ्या रंगांना लांबची वाट दिली, मागे राहिलेल्यांना जवळची; आणि सगळे एकाच वेळी मुक्कामी पोचले. बाहेर पडला तो केवळ दोन पिकोसेकंदांचा स्पंद!

त्यात ऊर्जा होती सुमारे एक मिलिजूल. ही ऊर्जा किती, म्हणाल तर शंभर ग्रॅमचे वजन एक मिलिमीटर वर उचलायला लागते तेवढी. म्हणजे काहीच नाही. पण ती दोन पिकोसेकंदांत एकवटली, की त्या क्षणापुरती शक्ती पन्नास कोटी वॉट होते. आपल्या चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रातला एक मोठा संच चालतो, तो पाचशे मेगावॉटचा, म्हणजे तेवढ्याच शक्तीचा. फरक इतकाच की, चंद्रपूरचा संच रात्रंदिवस चालतो आणि हा डोळ्याला न दिसणारा ठोका उमटताच विझतो. पण तो उमटतो एका टेबलावर, आणि काच न फोडता!

हा निबंध डिसेंबर १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो स्ट्रिकलंड यांचा पहिलाच शास्त्रीय निबंध होता. त्यानंतर मार्ग मोकळा झाला. १९९६ साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत पेटावॉटचा, म्हणजे एकावर पंधरा शून्ये इतक्या वॉटचा टप्पा ओलांडला. रुमानियात, बुखारेस्टजवळच्या मागुरेले येथे २०१९ मध्ये दहा पेटावॉट गाठले. पण मला विचाराल तर या आकड्यांपेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. जे पूर्वी अवाढव्य इमारतीत होई, ते विद्यापीठातल्या खोलीत होऊ लागले. मुंबईला कुलाब्याच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी अशाच स्पंदांचा मारा घन पदार्थांवर करून, क्षणापुरते दहा लाख गॉसच्या कितीतरी पट प्रबळ असे चुंबकक्षेत्र निर्माण होते ते मोजले, आणि २००२ साली प्रसिद्ध केले.

आता पुन्हा आपल्या धाग्याकडे वळू. त्याची एक गंमत झाली. स्पंद ताणण्याचे काम त्याने केले खरे. पण त्याने केलेला ताण पट्ट्यांच्या आवळण्याशी तंतोतंत जुळेना. १९८७ मध्ये अर्जेंटिनाचे शास्त्रज्ञ ऑस्कर मार्टिनेझ यांनी रेघांच्या पट्ट्या आणि भिंगे यांची अशी जुळणी सुचविली की, ताणणे आणि आवळणे एकमेकांचे नेमके उलट व्हावे. मोठ्या लेसरवाल्यांनी ती उचलली, आणि काचतंतू बाजूला पडला. एका दाराने तो बाहेर गेला, आणि दुसऱ्या दाराने परत आला. या वेळी ताणणारा म्हणून नव्हे, तर बळ देणारा म्हणून.

धागा बळही देऊ शकतो, हे खरे म्हणजे जुनेच ज्ञान होते. १९६४ साली अमेरिकेत केस्टर आणि स्निट्झर या दोघांनी निओडिमियम मिसळलेला एक मीटर लांबीचा काचतंतू स्प्रिंगसारखा दिव्याभोवती गुंडाळून पाहिला होता. त्यातून जाणारा प्रकाश पन्नास हजार पटींपर्यंत वाढला! पण त्या काळी नितळ तंतू नव्हते, आणि त्यांच्यात ऊर्जा भरणारे छोटे अर्धवाहक लेसरही नव्हते. काळाच्या आधी आलेला पाहुणा दारात तिष्ठत राहावा, तशी ती कल्पना वीस वर्षे राहिली. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी, काच शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून कितीतरी दूर जाईल, असे गणिताने दाखविले. १९७० मध्ये तशी काच तयार झाली. आणि १९८७ मध्ये इंग्लंडातील साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एर्बियम मिसळलेल्या तंतूचा प्रकाशवर्धक करून दाखविला. तोवर समुद्राखालच्या तंतूत ठराविक अंतरांवर प्रकाशाची वीज करून, ती वाढवून, पुन्हा तिचा प्रकाश करावा लागे. एर्बियमच्या धाग्याने प्रकाशाला प्रकाश ठेवूनच बळ दिले. १९९५-९६ पासून महासागरांखाली अशा वर्धकांच्या तारा पडल्या. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला ज्या तारा येऊन लागतात, त्यांतून तुमची परदेशातल्या मुलाबाळांशी होणारी बोलणी असल्याच धाग्यांच्या जोरावर पोचतात.

मग या धाग्याने आखूड स्पंदालाही बळ का देऊ नये? दिले, आणि त्यात त्याचा एक मोठा गुण उपयोगी पडला. काचेच्या जाड कांडीतून जोरकस स्पंद काढला, की ती तापते. लिव्हरमोरसारख्या यंत्रात एक ठोका दिल्यावर काच निवेपर्यंत काही तास थांबावे लागे. धाग्याचे तसे नाही. कढत चहा आपण बशीत का ओततो? पसरला की लवकर निवतो म्हणून. धागा म्हणजे अशी लांबलचक बशीच. त्याची उष्णता बाजूंनी भराभर निघून जाते, म्हणून तो सेकंदाला लाखो, कोट्यवधी ठोके न थकता देऊ शकतो. उलटपक्षी, त्याचा गाभा बारीक असल्यामुळे स्पंदाची गर्दी त्यात फार होते, आणि काच बिघडण्याचे जुने भय येथे अधिकच. म्हणून रॉचेस्टरची 'आधी रांग, मग प्रसाद' ही रीत धाग्यात तर चुकवताच येत नाही. गाभा रुंद केला, एर्बियमऐवजी यटर्बियम घातले, आणि जर्मनीतील येना येथील मंडळींनी या कामात आघाडी घेतली. २०२० मध्ये त्यांनी बारा धाग्यांचे स्पंद एका तालात जुळवून, प्रत्येक ठोका सुमारे अडीचशे फेम्टोसेकंदांचा ठेवून, सरासरी १०.४ किलोवॉट शक्ती मिळविली. मूरू यांनीही २०१३ साली सहकाऱ्यांसह असे मांडले की, हजारो धाग्यांची जुडी बांधली तर उद्याचे कणत्वरक त्यावर चालविता येतील.

हे सगळे आपल्या उपयोगाचे काय, असा प्रश्न राहतो. मूरू १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठात गेले. तेथील प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात असा किरण चुकून गेला. अपघात वाईटच. पण डॉक्टरांनी डोळा तपासला, तेव्हा त्यांना नवल वाटले. इजा इतकी नेमकी आणि स्वच्छ कडांची होती की, आजूबाजूला काही बिघडले नव्हते. कारण उघड आहे. उष्णता शेजारी पसरण्याच्या आत स्पंद संपलेला असतो. डॉक्टर रॉन कुर्ट्झ यांनी त्यातून धडा घेतला, आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलात पात्याशिवाय काप घेण्याची शस्त्रक्रिया उभी राहिली. चष्मा घालविण्यासाठी आज कोट्यवधी लोक ती करून घेतात. मोबाइलवरची काच कड न उडता कापायलाही हेच स्पंद लागतात. एके काळी प्रकाशाने काच फुटते म्हणून सगळे घाबरले होते. आज मोजूनमापून, हवी तेथेच ती कापायला त्याच प्रकाशाचा उपयोग होतो!

२०१८ साली मूरू आणि स्ट्रिकलंड यांना पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा आर्थर अॅश्किन यांना. या विषयात हा मान मिळविणाऱ्या स्ट्रिकलंड तिसऱ्याच स्त्री. त्यांच्या आधी १९०३ मध्ये मादाम क्युरी आणि १९६३ मध्ये मारिया गेपर्ट मायर. पहिल्या निबंधापासून या मानापर्यंत तेहतीस वर्षे लोटली. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, फेम्टोसेकंदाच्याही हजाराव्या भागाच्या, अॅटोसेकंदांच्या स्पंदांसाठी हाच मान आन लुइलिए, पिएर अगोस्तिनी आणि फेरेंत्स क्राउस यांना दिला गेला.

वाचकहो, या हकिगतीत मला सर्वांत आवडते ते रॉचेस्टरच्या टेबलावरचे ते रीळ. त्याच्यातला धागा काही नवा नव्हता. रेघांच्या पट्ट्या जुन्या, रडारची युक्ती तर लेसरच्याच वयाची. आणि काचेचा तो दोष सगळ्यांना माहीत होता. सगळे त्याच्या नावाने बोटे मोडीत होते. स्ट्रिकलंड आणि मूरू यांनी एवढेच विचारले की, ही काच प्रकाशाला पांगवते, तर पांगवू द्या ना. आपल्याला नेमके तेच हवे असेल तर? पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ असा प्रश्न सुचायला लागत असेल. पण तो सुचावा म्हणून शेजारच्या घरात डोकावण्याची सवय मात्र आधीपासून लागते.